बसायला येणारे भाई

भाई आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा त्यांच्या हातात पक्कड नव्हती, वायरचं भेंडोळं नव्हतं, लॅपटॉपही नव्हता. एक घडीचं स्टूल होतं. ॲल्युमिनियमच्या नळ्यांचं, वर हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचं नायलॉन. मुरुडहून नागावपर्यंत एसटीने आले होते आणि गाडीत जागा नसल्यामुळे मधल्या वाटेत त्याच स्टुलावर बसून आले होते. कंडक्टर काही बोलला नाही का, असं मी विचारलं, तर म्हणाले, ज्या दिवशी मी रिकाम्या हाताने चढतो त्या दिवशी तो चौकशी करतो, तब्येत बरी आहे ना म्हणून.

मी त्यांना बोलावलं होतं ते वैतागून. आमचा होमस्टे नवीन होता आणि मला यंत्रांचा भारी सोस. नवरा म्हणाला होता, चार खोल्यांना कशाला हवंय हे सगळं? पण खोक्यावर लिहिलं होतं, ‘आता घर तुम्हाला ओळखेल’, आणि मी त्या एका वाक्यावर भाळले. माणूस हलला की लागणारे दिवे, फोन जवळ आला की उघडणारी कुलपं, माणूस गेला की बंद होणारे पंखे. झालं काय, की घराने आम्हाला सोडून बाकी सगळ्यांना ओळखायला सुरुवात केली. नारळाची झावळी हलली की अंगणात लख्ख उजेड. किडे खायला टपलेली पाल नेमकी सेन्सरवर जाऊन बसायची, की खोलीत माणसं आहेत असं समजून पंखा दिवसभर गरगरत राही. आणि एक पाहुणे फोन खोलीत ठेवून समुद्रावर गेले. येताना ओल्या अर्ध्या चड्डीवर, अंगभर वाळू घेऊन आले आणि कुलूप त्यांना ओळखेना. मी बाजारातून येईपर्यंत ते ओट्यावर उभे होते आणि माझ्या सासूबाई त्यांना कोकम सरबत पाजत होत्या, पेल्यामागून पेला.

हे सगळं मी भाईंना सविस्तर सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, अंगणाचा एक कोपरा निवडला, स्टूल उघडलं आणि बसले. मी म्हटलं, आत या ना, दाखवते कुठे काय लावलंय ते. ते म्हणाले, यंत्र मी ओळखतो, तुमचं घर ओळखत नाही. मग संध्याकाळपर्यंत बसूनच राहिले. उन्हाबरोबर स्टूल सरकवायचे तेवढंच. दूध चालत नसे, बिनदुधाचा लिंबाचा चहा लागायचा, त्याला ते सुलेमानी म्हणत. तो घेताना मधूनच एखादा प्रश्न टाकायचे आणि त्यांचे प्रश्न ऐकून माझ्या नवऱ्याला वाटलं, मी चुकून ज्योतिषी बोलावला. घरात कुणी रागावलं की कुठे जाऊन बसतं? चपला पुढच्या दाराशी काढता की मागच्या? नको असलेला पाहुणा आला तर त्याला कुठे बसवता? अचानक पाऊस आला तर पहिली धाव कपड्यांकडे की पापडांकडे?

मी म्हटलं, भाई, याचा दिव्यांशी काय संबंध? तर म्हणाले, “तुम्ही मला सांगितलं, येण्याजाण्याचं दार पुढचं. सकाळपासून मी बघतोय बाय, पुढच्या दाराने फक्त पाहुणे जातात आणि मांजर. हे मागच्या दाराचं घर आहे. तुमचं यंत्र पुढच्या दाराला डोळे लावून बसलंय, त्याला काय दिसणार?”

मला ‘बाय’ म्हणणारं माहेरी सोडून कुणी उरलं नव्हतं, त्यामुळे तिथेच माझा विरोध संपला.

मुरुडच्या बाजारात त्यांचं एवढंसं दुकान होतं. पाटीवर नुसतं ‘इलेक्ट्रिकल’ लिहिलेलं. आयुष्यातली चांगली वर्षं त्यांनी आखातात काढली होती. तिथल्या एका उंच इमारतीत दिवे, एसी, लिफ्ट सगळं आपोआप चालतं, ते सांभाळायच्या कामावर. बायको गेली, मुलगा नवी मुंबईत नोकरीला लागला, तसे ते मुरुडला येऊन एकटेच राहू लागले. आखाताबद्दल फारसं बोलत नसत. एकदाच म्हणाले, तिथे कुठली खोली रिकामी आहे ते मी बसल्या जागी सांगायचो, पण भरलेल्या खोलीत कोण आहे आणि कसं आहे हे इतक्या वर्षांत मला एकदाही कळलं नाही.

त्यांच्या काही गोष्टी ठरलेल्या होत्या. कुठलंही नवं यंत्र लावलं की पहिला महिना त्याला फक्त बघायला द्यायचं, काही करायला द्यायचं नाही. नव्या सुनेच्या हातात पहिल्या दिवशी चाव्या देता का, असं विचारायचे. माझ्या सासूबाईंना हे वाक्य इतकं आवडलं की त्या ते माझ्याकडे बघून म्हणू लागल्या. म्हातारं माणूस असेल त्या घरात भाई कॅमेरा लावत नसत, कुणी कितीही गळ घातली तरी. आणि कामाला आलोय असं कधी म्हणत नसत. दारात उभे राहून म्हणायचे, “बसायला आलोय.”

मुरुडच्या कोळीवाड्यातल्या एका घराची गोष्ट ते फार रंगवून सांगत. तिथल्या नवरा-बायकोला जहाजावर असलेल्या मुलाने दाराची घंटा पाठवली होती. रात्री दार उघडलं की ती बोंब ठोकायची, चोर शिरला म्हणून. पण त्यांची होडी निघायची ती भरतीच्या हिशेबाने, आणि भरती काही दिवस-रात्र बघत नाही. घंटेने दोनदा सगळा कोळीवाडा उठवला. मग त्या बाईने ती उपटून बर्फाच्या पेटीत टाकली, मासळीखाली. भाई तिथे जाऊन बसले तेव्हा ती म्हणाली, “पोराला सांगा, आमच्याकडं घड्याळ न्हाय चालत, पानी चालतं.” भाईंना हे इतकं पटलं की त्यांनी त्या घंटेत घड्याळाऐवजी भरती-ओहोटीचं कोष्टक भरलं. उधाणाचे दिवस वेगळे, भांगाचे म्हणजे पाणी कमी चढण्याचे वेगळे. आता होडीच्या वेळेला दार उघडलं तर घंटा गप्प राहते आणि भलत्या वेळेला उघडलं तरच ओरडते. हे सांगून झालं की हात झटकून म्हणायचे, घंटा तीच आहे, फक्त कोळीण झाली.

आमचं घरही त्यांनी असंच मार्गावर आणलं. कुलपांना किल्ल्या परत आल्या, सेन्सर मागच्या दारी गेले, पालीसाठी सेन्सरपासून लांब एक वेगळा बारका दिवा लावला, म्हणजे किडे तिकडे आणि पाल किड्यांमागे. पण भाईंबद्दल मला जे सांगायचंय ते माझ्या घराचं नाही, आत्याच्या घराचं.

माझी आत्या मुरुडलाच असते. शाळेत गणित शिकवायची. सगळं गाव तिला बाई म्हणतं, निवृत्त होऊन एवढी वर्षं झाली तरी. यजमान गेल्यापासून एकटी. घर साधंच, विटांचं, वर मंगलोरी कौलं, पुढे ओटी, ओटीवर पितळी कड्यांचा झोपाळा आणि मागे नारळ-सुपारीची वाडी. मुलगा पुण्यात, संगणकातला मोठा साहेब. मी त्याला दादा म्हणते. आत्या एकदा न्हाणीघरात घसरून पडली, फार लागलं नाही, पण दादाने त्याच दिवशी फोनवर सांगून टाकलं, आता पुरे. एकतर पुण्याला ये, नाहीतर प्रत्येक खोलीत कॅमेरा बसवतो. आत्या म्हणाली, माझ्या घरात मी कुणाला दिसायचं ते मी ठरवीन. दोघं एकाच मातीची, कुणी हटेना. आत्याला त्या घरातून काढणं म्हणजे काय हे मला ठाऊक होतं. तिच्या दृष्टीने प्रश्न राहायचा नव्हताच, जगायचा होता. मध्येच मी तोंड घातलं, आमच्याकडे एक भाई येतात, त्यांना एकदा बसू दे.

भाई बसले, ते बरेच दिवस. आत्या झोपाळ्यावर, भाई स्टुलावर, मध्ये वर्तमानपत्रातलं शब्दकोडं. आत्याने त्यांची परीक्षाच घेतली म्हणा ना. तिने उभे शब्द सोडवायचे, त्यांनी आडवे. भाई उर्दू शब्द घुसडायचे आणि आत्या ते खोडायची. भांडण चालू असताना भाईंचं लक्ष मात्र तिच्या पायाकडे असायचं. आत्या रागावली की झोपाळा जोरात जातो. गुडघा दुखत असला की झोका नाही, पण अंगठा जमिनीला टेकून ती जागच्या जागी कुरकुर करत राहते. वाचत असली की मोठे, संथ झोके. आणि बरी असली तर ती झोपाळ्यापासून फार वेळ लांब राहूच शकत नाही.

त्यांनी झोपाळ्याच्या कडीला बोराएवढं एक यंत्र बसवलं. महिनाभर त्याला नुसतं बघू दिलं. वाऱ्याने हलणारा झोपाळा आणि पायाने हलणारा झोपाळा यातला फरक त्याला शिकवला. मग पुण्याला दादाच्या फोनवर एक ठिपका आला. झोपाळा रोजच्यासारखा चालला की हिरवा, फार वेळ थांबला की तांबडा. दादा हसला होता. आईची तब्येत झोपाळ्यावरून, असं म्हणून. पण महिन्या-दोन महिन्यांत तोच त्या ठिपक्याच्या नादी लागला. फोन करून विचारायचा, सकाळी कुणावर चिडली होतीस? आत्या म्हणायची, तुला काय करायचंय? आणि मग सगळं सांगायची. दोघं पूर्वी एवढं कधीच बोलत नव्हती.

आता जे झालं ते आमच्याकडच्याच गावात होऊ शकतं.

चैत्र होता, दुपार टळत आली होती. आत्या पंप लावून वाडीत पाटाचं पाणी वळवायला गेली आणि भिजलेल्या झावळीवर पाय पडून सटकली. खुब्याचं हाड मोडलं. उठता येईना. हाका मारल्या, पण विहिरीवरच्या पंपाचा एवढा आवाज, की तिच्या हाका तिलाच ऐकू येईनात. त्याच वेळी शेजारची बेबीकाकू वाटीभर वालाचं बिरडं घेऊन आली. ही बेबीकाकू साठीची आहे, पण नाव ते नाव. तिने ओटीवरून हाक मारली. ओ आली नाही. दुसरीकडचं माणूस असतं तर परत गेलं असतं. आमच्याकडे घरात कुणी नसलं म्हणून कुणी परत जात नाही. बसतं. येईल की, जाणार कुठे? बेबीकाकू वाटी शेजारी ठेवून झोपाळ्यावर बसली. थोड्या वेळाने पलीकडच्या वहिनी आल्या, त्याही बसल्या. दोघी गप्पा मारत झोके घेत राहिल्या, मोठे, संथ झोके. आणि पुण्यात दादाच्या फोनवर ठिपका हिरवागार. त्याने तो बघितलाही होता. मीटिंगमध्ये बसून मनात म्हटलं होतं, आई आज खुशीत आहे.

आत्या सुटली ती लाईट गेल्यामुळे. आमच्याकडे दुपारची लाईट जाते, त्याला सगळे शिव्या देतात. त्या दिवशी ती गेली आणि पंप थांबला. एकदम शांत झालं, आणि ओटीवरच्या दोघींना वाडीतून हाक ऐकू आली.

अलिबागला ऑपरेशन झालं. दादा पुण्याहून आला तेव्हा मी आणि भाई दवाखान्याच्या व्हरांड्यात होतो. दादाने फोन पुढे धरला. त्यात अजून हिरवा ठिपका होता, कारण घरी आता बेबीकाकूची सगळी मंडळी जमून झोपाळ्यावर बसली होती. दादा ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, “माझी आई चिखलात पडली होती आणि तुमचं यंत्र मला सांगत होतं, सगळं ठीक आहे.”

मला वाटलं, भाई काहीतरी समजावतील. यंत्राची बाजू घेतील, निदान बेबीकाकूचं नाव तरी घेतील. ते म्हणाले, “चूक माझीच आहे साहेब. मी तो झोपाळा बाईंचा धरला. मुरुडात जन्मलो, लहानपणी स्वतः दहा घरच्या झोपाळ्यांवर वाट बघत बसलो, आणि मला हे सुचू नये?” मग भिंतीशी स्टूल लावून ते बसले. मला त्यांची दया आली आणि दादाचीही आली.

दादा आत्याला पुण्याला घेऊन गेला. तिने या वेळी विरोध केला नाही, तेच मला जास्त लागलं. घराला कुलूप लागलं. बेबीकाकू वाडीला पाणी घालायची आणि भाई मधूनमधून कुलपाबाहेर ओटीवर जाऊन बसत. तिनेच मला सांगितलं, “भाई येतान, पन झोपाल्यावर न्हाय बसत. खाली बसतान.”

जूनमध्ये मी आत्याला बघायला पुण्याला गेले. दादाचं घर अकराव्या मजल्यावर, देखणं, सगळं आपोआप. दिवे, पंखे, पडदे. आत्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती. चालायला लागली होती, काठी घेऊन. मुलगा-सून दिवसभर ऑफिसात, दुपारी एक बाई येऊन जेवण वाढून जायची. सून चांगली आहे, उगाच खोटं कशाला बोलू. बोलता बोलता खोलीतला दिवा आपला आपण विझला. बाहेर ढग होते, एकदम अंधारून आलं. मी दचकले. आत्याने सवयीने हात वर करून हलवला, दिवा लागला. ती म्हणाली, “हात हलवला की मी आहे. स्वस्थ बसले की नाही.” आणि पुन्हा मला विचारू लागली, की सुपारीला फूल आलं का, बेबी पाणी घालते का.

तिने तक्रार केली असती तर मी समजूत घातली असती. तिने तक्रार केली नाही. मी एसटीत बसल्यावर रडले, अगदी शेजारच्या बाईने विचारावं इतकी.

हे मी भाईंना सांगितलं. त्यांनी नेहमीप्रमाणे ऐकून घेतलं, आणि दोन दिवसांनी दादाचा मला गोंधळलेला फोन आला, की ते स्टूलवाले आमच्या दारात आलेत आणि म्हणतात, बसायला आलोय. मी म्हटलं, मग बसू दे.

भाई दादाच्या हॉलमध्ये दोन दिवस बसले. पुढचं मला दादाने स्वतः सांगितलं. दुसऱ्या दिवशी रविवार होता, दादाही घरीच होता. भाई यंत्राबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. आत्याबरोबर शब्दकोडं सोडवलं, भांडले, जेवले. संध्याकाळी स्टुलाची घडी घालताना त्यांनी विचारलं, तुमच्या दाराला दोन दिवसांत हात कुणी लावला? दादा म्हणाला, जेवणाची बाई सोडून कुणी नाही, खाली वॉचमन आहे, आम्हाला विचारल्याशिवाय तो कुणाला वर सोडत नाही. चांगली सुरक्षा आहे.

“आहे खरी,” भाई म्हणाले. “तिकडे बाई पडल्या तेव्हा माझं यंत्र चुकलं, कारण झोपाळ्यावर येऊन बसणारं कुणीतरी होतं. इकडे ते चुकणार नाही. इकडे येऊन बसणारंच कुणी नाही.”

दादा मला म्हणाला, त्याच क्षणी नेमका हॉलमधला दिवा विझला, कारण आम्ही तिघंही हललो नव्हतो. हे त्याने मुद्दाम रचून सांगितलं की खरंच झालं, मला माहीत नाही. पण आत्या गणपतीच्या आधी मुरुडला परत आली.

या वेळी भाईंनी सगळं उलटं मांडलं. पुण्याचा ठिपका काढून टाकला. दादाने विचारलं, मग मला कसं कळणार? तर म्हणाले, तुम्हाला कळून तुम्ही पोचणार कधी? त्यांनी बेबीकाकूच्या आणि पलीकडच्या वहिनींच्या स्वयंपाकघरात ओट्याच्या वर एकेक बारका दिवा बसवला. आणि एक नवं यंत्र आत्याच्या काठीत घातलं. झोपाळा गावाचा, पण काठी बाईंची, ती दुसरं कुणी हातात घेत नाही. बाई स्वतः झोपाळ्यावर बसल्या की काठी त्यांच्या मांडीवर असते, ती झोक्याबरोबर हलते. झोपाळा हलतोय आणि काठी मात्र बराच वेळ एका जागी पडून आहे, असं झालं की झोपाळ्याच्या दांडीला बांधलेली देवघरातल्यासारखी छोटी घंटी वाजते. म्हणजे जो बसलाय त्याने उठायचं आणि बाईंना शोधून यायचं. आणि दिवसाउजेडी झोपाळाही थांबला, काठीही थांबली, तर शेजारणींच्या ओट्यावरचे दिवे लागतात.

आता गावाला ती घंटी पाठ झाली आहे. मासळीवाली आली, पाववाला आला, वसुलीला बँकेचा माणूस आला, बसला आणि घंटी वाजली, की तो मुकाट्याने उठतो आणि ‘बाई, ओ बाई’ करत वाडीत जातो. आत्या न्हाणीघरात असली तर आतून ओरडते, आहे जिवंत, बस. ती म्हणते, या भाईंच्या पायी मला सुखाने आंघोळ करता येत नाही. पण घंटी काढू का म्हटलं तर काठी उगारते.

मला भाईंचं एकच कोडं उलगडत नव्हतं. एवढ्या म्हाताऱ्यांच्या घरी त्यांनी काय काय बसवलं, पण स्वतःच्या घरात काही नाही. साधं बटण, साधा बल्ब. एकदा विचारलंच. म्हणाले, मी दिवसभर दुसऱ्यांकडे बसलेला असतो, माझं घर मला काय ओळखणार. आणि हसले. पण गेल्या वर्षी तेच दुकानाच्या पायरीवरून पडले. हात मोडला, डोळ्यांचंही कळलं की अंधूक झालेत. मुलगा नवी मुंबईहून आला. दादाने जे आत्याला सांगितलं होतं तेच त्याने सांगितलं, जवळजवळ त्याच शब्दांत. आणि भाई त्याच्याकडे जायला तयार झाले. मी म्हटलं, तुम्ही दोन दिवस पुण्याला बसून आत्याला परत आणलंत, मग स्वतःसाठी काही बोला ना. ते म्हणाले, बाईंच्या शेजारी बेबीकाकू आहे. माझ्या दुकानाच्या शेजारी एटीएम आहे.

जाण्याच्या आदल्या दिवशी ते आत्याकडे आले, गळ्यात हात बांधलेला. दुसऱ्या हाताने, माझ्याकडून पाने-पकडी मागून घेत, त्यांनी आत्याच्या स्वयंपाकघरातल्या खिडकीवर एक बारका दिवा बसवला. मी तिथेच खुर्ची धरून उभी होते. आत्याने विचारलं, हा कशाला? भाई म्हणाले, “माझ्या स्टुलाला यंत्र लावलंय. तिकडे मी बसलो की इकडे दिवा लागेल.”

“मी बघत बसू की काय तुमच्याकडे?” आत्या म्हणाली.

“नका बघू,” भाई म्हणाले. “आपला असू दे.”

अर्थातच ती बघायची. दुपारचा चहा टाकताना दिवा लागलेला असे, संध्याकाळी कुकर लावताना लागलेला असे. मुलगा-सून कामावर, नातवंडं शाळेत-क्लासला, आणि भाई सतराव्या मजल्याच्या गॅलरीत स्टुलावर. आत्या मला फोनवर सांगायची, बसलाय गं माणूस सकाळपासून, आणि हे ती अशा आवाजात सांगायची की मी विषय बदलायचे. दिवा लागलेला बघून बरं वाटायला हवं होतं. पण आम्ही दोघी तो विझायची वाट बघायचो आणि विझला तर काय, या भीतीने तो लागलेलाच राहो असंही म्हणायचो.

गेल्या महिन्यात मी आत्याकडे गेले होते. चार वाजता तिने चहा टाकला आणि खिडकीकडे बघितलं. दिवा नव्हता. चहा झाला, तरी नव्हता. बेबीकाकू येऊन बसली, तिनेही आत येऊन डोकावलं. सहा वाजले तेव्हा आत्या काठी टेकत माझ्यापाशी आली आणि म्हणाली, लाव फोन. बऱ्याच वेळाने भाईंनी फोन उचलला. मागे माणसांचा गलबला होता, लहान मुलांचा आवाज, भांड्यांचा आवाज.

मी विचारलं, भाई, तुम्ही कुठे आहात? दिवा नाही लागलेला.

“शेजारी आलोय,” भाई म्हणाले. “समोरच्या घरात. इतके महिने दार बंदच बघत होतो. आज बेल वाजवली. बाईने विचारलं, काय काम आहे? मी म्हटलं, काम नाही, बसायला आलोय.”

आत्याने माझ्या हातातून फोन घेतला. “मग बसू दिलं का?”

“आधी घाबरली,” ते म्हणाले. “मग खुर्ची दिली. त्यांची आजी पण इथे आहे बाई, दिवसभर एकटीच असते. उद्या पण या म्हणालीय.”

आत्याने खिडकीवरच्या विझलेल्या दिव्याकडे एकदा बघितलं. मग म्हणाली, “स्टूल घरीच ठेवून जात जा.”

हल्ली तो दिवा बहुतेक दुपारी लागत नाही. आत्या चहा टाकताना खिडकीकडे बघते, तो विझलेला आहे याची खात्री करून घेते आणि झोपाळ्यावर जाऊन बसते.